टिबुकलीला मोजता येत नाही

"दोन मिनिटं वेळ आहे का तुम्हाला? माझ्याबरोबर त्या झुडपापर्यंत यायचं, मला तिथे सोडायचं आणि एकटीने परत जायचं. बस, एवढंच."

पहाटे सहाला, तळ्याच्या सामसूम बांधावर एखाद्या अनोळखी पुरुषाने असं विचारलं तर शहाण्या मुलीने काय करावं? मी छत्री उगारली. घाईत मूठ त्याच्याकडे आणि टोक माझ्याकडे झालं, हा भाग वेगळा.

तो दोन पावलं मागे सरकला. डोक्यापासून पायापर्यंत मातकट हिरवे कपडे, गळ्यात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा आणि चेहरा असा की आता हाच ओरडून मदत मागतो की काय. मी त्याचे दात पाहिले. त्याला माझा इलाज नाही, दात बनवणं हाच माझा धंदा आहे. वरच्या ओळीत डावीकडचा सुळा जरासा पुढे आलेला होता. असा दात आम्ही मुद्दाम कधी बनवत नाही... पण त्याला तो शोभत होता.

मग त्याने समोर बोट दाखवलं. पाणकणसांच्या कडेला, पाण्यावर कुजक्या शेवाळाचा एक ढीग तरंगत होता आणि त्यावर मुठीएवढा तपकिरी पक्षी बसला होता. टिबुकली. तिच्याखाली चार अंडी होती. घरट्यापासून वीस पावलांवर काठाशी एक झुडूप होतं, पण ते झुडूप नव्हतंच. चार काठ्यांवर ताणलेली हिरवी कापडी पेटी होती, एक माणूस आणि एक स्टूल कसंबसं मावेल एवढी. समोर लेन्सपुरतं भोक. तो तिला लपण म्हणायचा. एकटा आत शिरला तर टिबुकलीला कळतं की आत कोणीतरी आहे, आणि ती घरट्याकडे फिरकत नाही. दोघं गेले आणि एक परत गेला, तर तिला वाटतं की आली तशी बला टळली.

"म्हणजे तिला दोन आणि एक यातला फरक कळत नाही?"

"टिबुकलीला मोजता येत नाही."

रोज त्याला पोचवायला त्याचे मेहुणे यायचे, पण कालच जिन्यावरून घसरून त्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला होता. हे सगळं तो इतक्या काकुळतीने सांगत होता की मला हसू फुटलं. पक्षी खरंच इतका भोळा असतो का, हे पाहण्याचीही हौस होती. गेले मी. लपणापर्यंत दोघं, परत येताना मी एकटी, चांगले हात हलवत. बांधावर पोचून वळून पाहिलं, तर टिबुकली पाण्यातून वर आली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि खुशाल घरट्यावर चढून बसली.

फसली बिचारी. मला फार आनंद झाला.

एक गोष्ट मात्र त्याने शेवटी सांगितली होती, आत शिरता शिरता. साडेआठला न्यायलाही यावं लागतं. पेटीतून माणूस आपला आपण बाहेर पडताना तिने पाहिला, तर सगळ्या मेहनतीवर पाणी. कोणीतरी चालत यायचं, मग दोघांनी मिळून जायचं. साडेआठला मी गेले तेव्हा तो आतून म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"आठ एकोणतीस झालेत," मी म्हणाले.

मी फिरायला जात होते ते मानेसाठी. दिवसभर वाकून मेणात दात बसवायचे, जबड्याचे प्लॅस्टरचे साचे घासायचे, पट्टीवर रंग जुळवायचे. पंधरा प्रकारचे पांढरे असतात, सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. मान आखडली म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास चाला. टिबुकली भेटली त्या दिवसापासून अर्ध्या तासाचे तीन तास झाले. मान कधी बरी झाली ते मला कळलंच नाही.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचा आणि काढेपर्यंत दारातून त्यांच्याशी गप्पा मारत बसायचा, म्हणजे ती घाबरत नाहीत. एका बाईंना त्याने पाऊण तास टिबुकलीची माहिती सांगितली होती. त्यांनी सुटका झाल्यावर आभार मानले, ते नेमके सुटकेचे की माहिती संपल्याचे, हे त्याला कळलं नव्हतं. असं काही सांगताना तो सुळा दिसेल इतकं हसायचा, आणि मी बांधावरची वाट सोडून भलतीकडेच पाहायची.

त्याला एकच फोटो हवा होता. टिबुकलीची पिल्लं अंड्यातून निघाली की आईच्या पाठीवर चढतात आणि पिसांत शिरून बसतात. बाहेर राहतं ते फक्त एखादं पट्ट्यापट्ट्यांचं डोकं. बाप चोचीत मासळी घेऊन येतो आणि त्या डोक्याला भरवतो. तेवढा एक क्षण. गेली दोन वर्षं तो त्याच्यामागे होता. पहिल्या वर्षी घरटं वाऱ्याने गेलं. दुसऱ्या वर्षी ऐन वेळी मेहुण्यांना शिंक आली.

"एका शिंकेने?"

"तुम्ही त्यांची शिंक ऐकली नाही."

घरी वहिनीने दुसऱ्याच दिवशी ताडलं. चपलांना चिखल, केसात पाणकणसाचा कापूस आणि माझ्या तोंडी नको तितकी पक्ष्यांची माहिती. वहिनीपासून काही लपत नाही. दादाच्या मनातलं ती त्याच्या पावलांवरून ओळखते, मी तर तिच्या हाताखाली वाढलेली. तिने त्याचं नाव ठेवलं झुडूपराव. "काय म्हणतायत आज झुडूपराव?" असं ती चहा गाळता गाळता विचारायची, आणि मी म्हणायची की ते काही म्हणत नाहीत, म्हणण्यासारखं काही नाहीच. यावर वहिनी नुसती "बरं" म्हणायची. तिचं ते "बरं" ऐकलं की मला उगाच ठसका लागायचा.

अकराव्या दिवशी सकाळी बारीक भुरभुर होती. मी छत्री त्याच्या डोक्यावर धरली, त्याने ती हळूच माझ्याकडे सरकवली, मी पुन्हा त्याच्याकडे. असं करत आम्ही लपणापर्यंत पोचलो तेव्हा कॅमेरा तेवढा कोरडा होता आणि आम्ही दोघंही ओले. आत शिरताना तो म्हणाला, "जा आता. आणि ऐक... सावकाश जा. निसरडं आहे."

ऐक. जा. कालपर्यंत मी "तुम्ही" होते.

त्या दिवशी मी एका आजोबांच्या कवळीत खालचे दात वर बसवले. लॅबच्या काकांनी साचा हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. खरं सांगायचं तर मी त्याच्या प्रेमात पडले होते. आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. पण तो...? तो रोज मला घरट्यावर किती वेळ कोण बसलं ते सांगायचा, माझ्या मानेची चौकशी करायचा, चिखलात हात द्यायचा आणि हात लगेच सोडून द्यायचा. पुढे एक शब्द नाही. कधी कधी रात्री उशीला डोकं टेकताना वाटायचं, याला मी हवी आहे की नुसते माझे पाय? पोचवायला दोन आणि न्यायला दोन.

विसाव्या दिवशी अंड्यांना तडे गेले होते. "आज," तो कुजबुजला. त्याचे डोळे झोपेने लाल होते आणि चेहरा मात्र उजळलेला. मी त्याला आत सोडलं, हात हलवत परतले आणि बांधावर काठी टेकत येणाऱ्या एका गृहस्थांशी गाठ पडली. पायाला प्लॅस्टर होतं, तेव्हा ओळख करून द्यायची गरजच नव्हती. मेहुणे मोठे बोलके निघाले. माझ्यामुळे त्यांची पहाटेची झोप वाचली म्हणून त्यांनी तोंडभरून आभार मानले, आणि म्हणाले, "आता तुमचीही सुटका होईल. पंधरा दिवसांनी तो चाललाच की. दुसऱ्या गावच्या मोठ्या ऑफिसात, नव्या लिफ्टांच्या कामावर. वर्षभर तरी तिकडेच. तुम्हाला बोलला असेलच."

बोलला असेलच. मी हसले, असं मला वाटतं.

घरी आले. वहिनीने चेहरा पाहिला आणि आज चहा गाळताना काहीच विचारलं नाही. सव्वाआठ झाले. साडेआठ झाले. मी वेणी घालत आरशासमोर बसून राहिले. म्हटलं, बसू दे. वीस दिवस मी मूर्खासारखी ये-जा केली, आज येईल आपला आपण बाहेर. पाय आहेत की त्यालाही. नऊला लॅबमध्ये पोचले आणि कामाला लागले. हात चालत होते, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. दहा वाजता वाटलं, आता तो निघाला असेल. अकरा वाजता वाटलं, चिडला असेल. बरं झालं. बाराला वाटलं, टिबुकली उडून गेली असेल, आणि ते मात्र काही बरं वाटेना. तिने माझं काय वाकडं केलं होतं?

दीडच्या सुमारास लॅबचा फोन वाजला. लिफ्टच्या ऑफिसातून एक बाई बोलत होत्या. तो आज कामावर आलाच नाही, फोनही बंद आहे, तुम्हाला काही माहीत आहे का?

मी विचारलं, माझं नाव आणि इथला नंबर तुम्हाला कुठून मिळाला.

"बदलीच्या फॉर्मवर आहे ना," त्या सहज म्हणाल्या. "जवळची व्यक्ती म्हणून तुमचंच नाव दिलंय त्यांनी."

फोन ठेवला तरी मी तशीच उभी होते. म्हणजे हे त्याने ऑफिसच्या कागदाला सांगितलं होतं, मला नाही. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता, आणि इतका आनंदही झाला नव्हता. मग एकदम दुसरं लक्षात आलं. फोन बंद. फोन तो फक्त लपणात बंद ठेवतो.

काकांना म्हटलं, मी जाते. ते म्हणाले, जा बाई, नाहीतरी सकाळपासून एकही दात सरळ लागलेला नाही.

ऊन चांगलंच तापलं होतं. बांधावर चिटपाखरू नव्हतं. मला पळायचं होतं, पण पळत गेलं तर टिबुकली घाबरते, म्हणून नेहमीच्या चालीने चालले. ती पन्नास-साठ पावलं मी कशी चालले ते माझं मला माहीत. लपणाचं कापड उन्हाने कडकडीत झालं होतं. मी मागच्या बाजूने पडदा बाजूला केला.

तो होता. स्टुलावर, सकाळी सोडला तसाच. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता, ओठ सुकले होते, पाण्याची बाटली आडवी पडली होती. वळून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि देवाशपथ, तो हसला. मग ओठांवर बोट ठेवून मला आत ओढलं. एका माणसाच्या त्या पेटीत मी आजवर कधी शिरले नव्हते. स्टुलाच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसले तरी माझा खांदा त्याच्या हाताला लागत होता.

मी आधी त्याला माझी बाटली दिली. ती त्याने एका दमात संपवली. मग भांडायला सुरुवात केली. कुजबुजत भांडणं फार अवघड असतं, पण दुसरा इलाज नव्हता.

"साडेआठला का नाही आलास बाहेर?"

"तू आली नव्हतीस."

"मी येणारच नव्हते. मुद्दाम. रागाने."

तो म्हणाला, "पहिलं पिल्लू आठ वाजता निघालं. दुसरं दहाला. मी एकटा बाहेर पडलो असतो, तर ती त्यांना उघड्यावर टाकून गेली असती. आणि... तू येशील असं वाटत होतं. नऊला वाटलं, दहाला वाटलं. बारा वाजता जरा कमी वाटलं."

तरी मी सोडलं नाही. बदलीचं विचारलं. मेहुण्यांनी सांगितलं म्हटल्यावर त्याने कपाळावर हात मारला, तोही आवाज न करता.

"सांगणार होतो. रोज सांगणार होतो."

"मग?"

त्याने भोकातून बाहेर पाहिलं. "मला एकच गोष्ट नीट येते," तो म्हणाला. "गप्प बसून राहणं. आपण होऊन जवळ जायचं नाही, हलायचं नाही. हललं की पक्षी उडतो. मला वाटलं... मी काही बोललो आणि दुसऱ्या दिवसापासून तू यायचीच बंद झालीस तर?"

"मी पक्षी नाही," मी म्हणाले. "मला मोजता येतं. वीस दिवस झाले. वीस दिवस मी तुला इथे सोडून जातेय, आणि एकदाही तू म्हणाला नाहीस की जाऊ नकोस."

तो काही बोलणार, तेवढ्यात थबकला. बाहेर पाण्यावर हालचाल झाली होती. त्याने नकळत माझा दंड धरला आणि मला भोकाजवळ केलं.

टिबुकली घरट्यावरून पाण्यात उतरली होती. पाठ फुगलेली होती. तिने एक संथ वळण घेतलं, अगदी आमच्या समोर आडवी झाली, आणि तिच्या पंखाच्या घडीतून एक डोकं वर आलं. अंगठ्याएवढं. काळं-पांढरं, पट्ट्यापट्ट्यांचं. मग दुसरं. पाणकणसांतून बाप बाहेर आला, चोचीत चांदीसारखं काहीतरी चमकत होतं. ऊन मागून येत होतं, पाणी थाळीसारखं स्थिर होतं. मला फोटोतलं ओ की ठो कळत नाही, पण हाच तो क्षण, हे मलाही कळलं. त्याचा डोळा कॅमेऱ्याला लागला. बोट बटणावर गेलं.

आणि मला पुन्हा तेच वाटलं. आता हा फोटो काढेल, मग सामान आवरेल, पंधरा दिवसांनी जाईल. बोलायचं राहूनच जाईल. माझ्यासारखी दुष्ट बाई शोधून सापडणार नाही, पण मला राहवलं नाही.

"मी हवी आहे का तुला?" मी अगदी हळू विचारलं. "की नुसतं पोचवायला कोणीतरी?"

बाप टिबुकलीजवळ पोचला होता. पिल्लाने चोच उघडली होती.

त्याने बटणावरचं बोट काढलं. कॅमेऱ्यावरचा डोळा काढला. सबंध माझ्याकडे वळला आणि कुजबुजत नाही, तर चारचौघांत बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाला, "तू हवी आहेस. लग्न करायचंय मला तुझ्याशी. जाऊ नकोस. म्हणजे मीच जाणार आहे, तर तू पण चल. आणि नाही म्हणालीस तरी चालेल, पण मला हे बोलायचं होतं."

पाण्यावर खळबळ झाली. टिबुकलीने पंख मिटले, दोन्ही डोकी आत गेली, आणि ती पिल्लांसकट तरातरा पाणकणसांत निघून गेली. मागोमाग बाप. तोंडातला मासा तोंडातच.

"फोटो गेला," मी म्हणाले.

"गेला," तो म्हणाला. त्याने तिकडे पाहिलंही नाही. दोन वर्षं आणि आठ तास, आणि तो माझ्याकडे पाहत होता, कपाळावरून घाम ओघळतोय आणि सुळा दिसतोय.

मला रडू आलं आणि मी हसले. बदलीच्या गावी मी काय करणार, हा प्रश्नही त्याच वेळी डोक्यात येऊन गेला. पण दात काय, सगळीकडेच पडतात.

"हो," मी म्हणाले.

इतक्या दिवसांची कुजबुजायची सवय. मी ते इतकं हळू म्हणाले, की त्याला ऐकूच गेलं नाही. तो तसाच पाहत राहिला, चेहरा उतरत चाललेला. पंधरा पांढऱ्यांपैकी कुठला म्हणावा इतका पांढरा पडला. मग माझ्या लक्षात आलं. मी लपणाचा पडदा सरकवला, त्याच्या हाताला धरून त्याला उन्हात बाहेर काढलं, उभी राहिले आणि सगळ्या तळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "हो."

पलीकडच्या काठावर कपडे धुणारी एक बाई हातातलं काम थांबवून आमच्याकडे पाहू लागली. आम्ही तिला हात केला.